पासष्टचं फाटक

१४ एप्रिलला आमच्या गोदीत दोन हार येतात. एक बाबासाहेबांच्या फोटोला. दुसरा त्या ६६ फायरमनच्या नावानं. १९४४ साली ह्याच तारखेला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजाला आग लागली. बंब आले. माणसं पाण्याचे पाइप घेऊन जहाजावर चढली. दुपारी चारच्या सुमारास जहाजातला दारूगोळा उडाला आणि ती माणसं तिथल्या तिथे संपली. देशभर हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

६६ हा आकडा पक्का आहे. कारण ते हजेरीपटावर होते. बाकी मेले किती? कुणी आठशे सांगतो, कुणी तेराशे. त्यात ओझ्याखाली वाकलेले हमाल किती, हे कुणी छातीठोक सांगत नाही. रोजंदारीवाल्याचं नाव कुठं असतं? तो सकाळी फाटकातून आत जातो, संध्याकाळी बाहेर आला तर आला.

मी गोदीत मजुरी करतो. मॅट्रिक झालोय. रात्री कविता लिहितो. हे सांगायचं कारण एवढंच, की पुढं जे लिहितोय ते डॉक्टरचं नाही, वकिलाचं नाही. ओझं उचलणाऱ्याचं आहे. शरीर कसं झिजतं हे मला पुस्तकातून कळलेलं नाही.

परवा आमच्या बैठकीत मी अमेरिकेतल्या एका विधेयकाची गोष्ट काढली. तिथं आग विझवणारे, अँब्युलन्सवर धावणारे, पोलीस, अशा निवृत्त माणसांना पन्नाशीपासून सरकारी आरोग्य विम्यात घ्यावं असं ते विधेयक. एक दोस्त लगेच उसळला. म्हणाला, "च्यायला, अमेरिकेतल्या पोलिसाला विमा मिळाला काय नि नाय मिळाला काय, आपल्याला काय त्याचं? इथं आपल्या माणसाला सरकारी इस्पितळात खाट मिळत नाय."

प्रश्न बरोबर आहे. म्हणूनच उत्तर नीट द्यायला पाहिजे.

पहिलं, ते प्रकरण काय ते समजून घेऊ. अमेरिकेत मेडिकेअर नावाचा सरकारी विमा आहे. १९६५ साली कायदा झाला, १ जुलै १९६६ पासून चालू झाला. तिथला कामगार पहिल्या पगारापासून त्यासाठी पैसे भरतो. शेकडा १.४५ त्याच्या पगारातून कापतात, तेवढेच मालक भरतो. पण सर्वसाधारण माणसाला फाटक उघडतं ते वयाच्या पासष्टाव्या वर्षी. म्हणजे विशीत कामाला लागलेला गडी पंचेचाळीस वर्षं तिकिटाचे पैसे भरणार आणि मग गाडीत बसणार. मधेच मेला तर तिकीट फुकट.

आता आगीच्या बंबावरचा माणूस घ्या. पंचवीस-तीस वर्षं पाठीवर हवेचा सिलिंडर, हातात पाण्यानं जड झालेला पाइप, नाकातोंडात जळलेल्या प्लास्टिकचा धूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली फायरमनचं काम हेच कर्करोगाचं कारण म्हणून पहिल्या गटात टाकलं. त्याच गटात तंबाखूचा धूर आहे, ॲस्बेस्टॉस आहे. हा माणूस पासष्टपर्यंत शिडीवर चढेल काय? अमेरिकेचं केंद्र सरकार स्वतःच आपल्या फायरमनला आणि पोलिसांना साधारण सत्तावन्नाव्या वर्षी सक्तीने घरी पाठवतं. म्हणजे सरकारलाही कळतं की हे शरीर आता संपलं. मग विम्याला का कळत नाही? केंद्राच्या नोकरांचा विमा निवृत्तीनंतरही चालू राहतो, हे खरं आहे. पण गावोगावच्या, शहरोशहरीच्या सगळ्यांचं नशीब तसं नाही. नोकरी सुटली की जुना विमा बहुधा दीड वर्ष ठेवता येतो, तोही मालकाचा हिस्सा स्वतःच्या खिशातून भरून. नंतर बाजार आहेच. बाजारात विमा कंपनीनं म्हाताऱ्याकडून जवानाच्या तिप्पट हप्ता घेतला तरी कायद्याची ना नाही. पन्नास ते पासष्ट ही पंधरा वर्षं म्हणजे अशी खाडी, की हा काठ सुटला आणि तो काठ दिसत नाही.

ह्या खाडीवर पूल टाकायचा म्हणून ओहायोच्या शेरॉड ब्राउन यांनी सेनेटमध्ये असताना हे विधेयक आणलं होतं. २०२४ ची निवडणूक ते हरले. विधेयकाचा कायदा काही झाला नाही.

विरोध करणारे म्हणतात, पासष्ट म्हणजे पासष्ट. आज ह्यांना दार उघडलं तर उद्या सगळेच येतील.

पण पासष्ट ही रेघ काय देवानं मारली? ती माणसांनी मारली, आणि माणसांनीच अनेकदा पुसली. १९७२ साली कायदा बदलून काम करायला कायमच्या असमर्थ झालेल्यांना आणि मूत्रपिंड निकामी झालेल्यांना मेडिकेअरमध्ये घेतलं, वय न बघता. २०१० साली माँटाना राज्यातल्या लिबी गावच्या लोकांना घेतलं. तिथं व्हर्मिक्युलाइटच्या खाणीतून ॲस्बेस्टॉसची धूळ उडून गावाची फुप्फुसं कुजली होती. आजार सिद्ध झाला की वय विचारायचं नाही, असं ठरलं. म्हणजे तत्त्व मान्य झालेलंच आहे, की ज्याचं शरीर कामानं किंवा जागेनं आधी खाल्लं, त्याला आधी आत घ्या. आता भांडण आहे ते कुणाचं शरीर मोजायचं ह्याचं.

२००१ साली न्यूयॉर्कचे ते दोन मनोरे पडले. फायरब्रिगेडची ३४३ माणसं त्या दिवशी मेली. जी जगली ती महिनोन्महिने ढिगारा उपसत राहिली, धूळ गिळत राहिली. भाषणं झाली, पदकं झाली, झेंडे फडकले. औषधाचा कायदा व्हायला मात्र २०११ चा जानेवारी उजाडला. नुकसानभरपाईचा निधी पुन्हा आटायला लागला तेव्हा जून २०१९ मध्ये लुइस अल्वारेझ नावाचा डिटेक्टिव्ह वॉशिंग्टनला जाऊन बसला. हाडांचा सापळा झालेला. दुसऱ्या दिवशी त्याची एकोणसत्तरावी केमोथेरपी होती. त्याच महिन्याच्या २९ तारखेला तो गेला. वय ५३. मेडिकेअरचं फाटक अजून बारा वर्षं लांब होतं. ज्याला सारा देश हिरो म्हणतो, त्याला मरायच्या आधी भीक मागायला उभं करतात. मग ज्याला कुणी हिरो म्हणतच नाही, त्याचं काय होत असेल?

त्याचीच गोष्ट आता सांगतो. ही गोष्ट आपली आहे.

पिट्सबर्ग शहरात हिल डिस्ट्रिक्ट नावाची काळ्यांची वस्ती. साठीच्या दशकात तिथं माणूस आजारी पडला तर पोलिसांची गाडी यायची. मागं टाकायचे, पुढं दोघं बसायचे, इस्पितळाच्या दारात उतरवायचे. वाटेत श्वास थांबला तर थांबला. बोलावलं तरी गाडी येईलच असंही नव्हतं. १९६७ साली तिथं फ्रीडम हाउस अँब्युलन्स सेवा उभी राहिली. डॉक्टर पीटर सफार ह्यांनी वस्तीतल्याच काळ्या पोरांना शिकवलं. कुणी शाळा सोडलेली, कुणी बेकार, कुणी युद्धावरून परतलेला. सरकारी भाषेत 'कामाला लायक नसलेले'. तीनशे तासांचं शिक्षण. शरीरशास्त्र, हृदय चालू करणं, श्वासनलिकेत नळी घालणं. पहिल्याच वर्षात ५,८०० च्या वर हाका आल्या आणि ही पोरं धावली. पुढं डॉक्टर नॅन्सी कॅरोलाइन त्यांच्या प्रमुख झाल्या. आज जगभर अँब्युलन्समध्ये जो पॅरामेडिक बसतो, त्याच्या पहिल्या पिढीत ही पोरं आहेत.

आणि बक्षीस काय मिळालं? १९७५ च्या ऑक्टोबरात शहराने ती सेवा बंद केली आणि स्वतःची सुरू केली. नव्या सेवेत बहुतेक गोरे आले. ज्यांनी धंदा शिकवला, त्यातल्या कित्येकांना शिकाऊ ठरवून बाजूला सारलं. थोडे टिकले. जॉन मून त्यातलाच एक, तो पुढं शहराच्या सेवेत असिस्टंट चीफपर्यंत चढला. बाकीच्यांची नोकरी तुटली. आता हिशोब करा. विमा आणि पेन्शन मोजतात सलग नोकरीवर. ज्याची नोकरीच शहराने तोडली, त्याची वर्षं कोण भरून देणार? म्हणून मी म्हणतो, 'पहिला धावणारा' ह्या शब्दाची व्याख्या गणवेश बघून केली, तर जो खरोखर पहिला धावला तोच बाहेर राहील.

आता दोस्ताच्या प्रश्नाकडं येतो. पोलिसालाही द्यायचं?

पोलिसाचा बूट काळ्या माणसाच्या गळ्यावर असतो हे आपल्याला शिकवायला नको. २०२० च्या मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा होता, तो पोलिसाचाच. १९६६ साली ओकलंडला ब्लॅक पँथर उभी राहिली तीच पोलिसांवर पहारा ठेवायला. १९७२ साली मुंबईत आपल्या थोरल्यांनी त्यांच्यावरून नाव घेतलं. पण त्या पँथरांनी नुसती बंदूक घेतली नव्हती. त्यांनी वस्त्यांत फुकट दवाखाने काढले. सिकलसेलच्या रक्ततपासण्या केल्या. १९७२ सालीच त्यांनी आपल्या दहा कलमी कार्यक्रमात सर्व काळ्या आणि दडपलेल्या लोकांसाठी फुकट आरोग्यसेवेची मागणी घातली. औषध हे बक्षीस नाही आणि शिक्षाही नाही, हे त्यांना कळलं होतं. पोलिसानं खून केला तर त्याला कोर्टात खेचा, तुरुंगात घाला. पण त्याच्या फुप्फुसाचं औषध तोडून आपल्या एकाही माणसाला श्वास मिळणार नाही. चांगल्या माणसालाच औषध द्यायचं असं एकदा ठरलं, की चांगला कोण हे ठरवायला कोण बसतो? आपण नाही बसत. कधीच बसलो नाही.

आणखी एक गोष्ट. सरकारी विमा म्हणजे नुसता पैसा नव्हे, तो पहारही होऊ शकतो. १९६६ पूर्वी अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या इस्पितळांत काळ्यांचा वॉर्ड वेगळा, दार वेगळं, कुठं तर दारच नाही. १९६४ चा नागरी हक्क कायदा आला तरी इस्पितळवाले ढिम्म. मग मेडिकेअर आली आणि सरकारने सांगितलं, ह्या विम्याचा पैसा पाहिजे तर आधी भिंत पाडा. काही महिन्यांत हजाराच्या वर इस्पितळांनी वॉर्ड एक केले. जे प्रवचनांनी शंभर वर्षांत झालं नाही ते पैशाच्या अटीनं एका उन्हाळ्यात झालं. पाणवठ्यावर ज्यांनी मार खाल्ला, त्यांना ह्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

म्हणून त्या विधेयकाला माझा पाठिंबा आहे. आणि त्याच दमात दोन भांडणंही आहेत.

पहिलं भांडण, 'विकत घेणे' ह्याच्याशी. त्या विधेयकात पन्नाशीच्या माणसाला मेडिकेअर मिळणार होती ती हप्ता भरून. ज्याचं पेन्शन भक्कम तो भरेल. खाजगी अँब्युलन्स कंपनीत तुटपुंज्या पगारावर रात्रपाळ्या काढणारा काय भरेल? तिथले निम्म्याहून जास्त फायरमन तर बिनपगारी स्वयंसेवक आहेत. पैसा कुठून आणायचा, असं विचारतात. अरे, शेकडा १.४५ तो तरुणपणापासून देतोय की. २०२१ साली, कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी, तिथल्या काळ्या पुरुषाचं जन्मावेळचं सरासरी आयुर्मान सत्तरच्या आत होतं. म्हणजे आयुष्यभर भरणार आणि कित्येकांना वापरायला फार वर्षं मिळणारच नाहीत. उरलेला पैसा कुणाच्या म्हातारपणाला जातो? जास्त जगणाऱ्याच्या. कोण जास्त जगतं ते तुम्हीच बघा. माझ्या मते ज्याचं उत्पन्न कमी, त्याचा हप्ता सरकारने भरावा.

दुसरं भांडण, यादीशी. १ फेब्रुवारी १९६८. मेम्फिस शहर. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरले. यंत्र चालू झालं आणि ते चिरडले गेले. तेराशे कामगार संपावर गेले. 'मी माणूस आहे' एवढंच पाटीवर लिहून चालले. त्यांच्यासाठीच मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसला आले आणि ४ एप्रिलला तिथंच मारले गेले. त्या संपकऱ्यांच्या म्हातारपणाचं काय झालं? २०१७ साली, जवळजवळ पन्नास वर्षांनी, शहराने हयात असलेल्यांना एकरकमी पैसे द्यायचं ठरवलं, कारण निवृत्तीला पुरेल एवढं त्यांच्या हातात काही नव्हतं. त्यातले काही जण तेव्हाही कचरागाडीवर कामाला जात होते. साथ आली, पूर आला, इमारत पडली, की पहिल्या दिवसापासून घाणीत उभा राहतो तो सफाई कामगार. त्याचं नाव पहिल्या धावणाऱ्यांत का नाही? त्याच्या गाडीला भोंगा नाही म्हणून?

काही डावे मित्र म्हणतील, तुकड्यातुकड्यांनी का मागता, सगळ्यांनाच द्या म्हणा. म्हणतोच. पण फाटक बंद असताना ज्याचा पाय आत गेला त्याला 'आधी बाहेर ये, मग सगळे मिळून जाऊ' असं मी सांगणार नाही. त्याला सांगेन, पाय तिथंच रोवून ठेव आणि मागच्याला हात दे. नुसताच आत जाऊन बसलास तर तूही फाटकावाला झालास.

आणि रेघ आपल्याकडंही आहे. २०२४ साली आपल्या सरकारने उत्पन्न न बघता सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना आयुष्मानचं कार्ड द्यायचं ठरवलं. चांगलं केलं. पण सत्तर! गटारात उतरणारा, बंबावर चढणारा, जहाजाच्या पोटात गंधक ओढणारा सत्तरीला पोचतो किती? वय मोजताना टेबलावर बसणाऱ्याचं वर्ष आणि ओझं उचलणाऱ्याचं वर्ष एकाच मापानं मोजायचं, ह्यालाच प्रस्थापितांची समता म्हणतात.

१९४४ साली गोदी जळत होती तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं बाबासाहेबांकडं होतं. कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा अडारकर अहवाल त्याच साली आला, आणि त्यातूनच पुढं १९४८ चा राज्य विमा कायदा झाला. त्या विम्याला आधी वय लागत नाही. नाव नोंदलं आणि कामाला लागला, की दवाखाना सुरू. मर्यादा त्यालाही आहेत, पगाराची अट आहे, नाव नोंदायला मालक पाहिजे. पण मूळ विचार बघा. तिथं माणूस कामगार असणं पुरतं. म्हातारा होण्याची वाट बघावी लागत नाही. अमेरिकेला आपण शिकवावं असं फार थोडं आपल्याकडं आहे, त्यातलं हे एक.

आमच्या टोळीत एक काका आहेत. वय ५६. चार वर्षांपूर्वी जहाजाच्या पोटात हवा कोंडली आणि दोघं जण खाली बेशुद्ध पडले. भोंगा वाजायच्या आधी काका दोर बांधून उतरले. दोघांना वर काढलं. बंब आला तेव्हा काम झालं होतं. तेव्हापासून काकांची छाती वाजते. जिना चढताना तीनदा थांबतात. हजेरीपटावर त्या दिवशी त्यांचं नाव नव्हतं. बदली कामगार होते. विचारलं तर म्हणतात, "पोरा, मी काय फायरमन हाय व्हय? जवळ होतो, उतरलो."

ह्या १४ एप्रिलला दोन्ही हार घालून झाले की मी टोळीला विचारणार आहे, ह्या माणसाचं नाव कुठल्या यादीत घालायचं? दोस्ता, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. तिथल्या यादीचं भांडण आपण समजून घेतलं तरच इथली यादी मागता येईल. तू ये. येताना वही आण. नावं आपल्यालाच लिहायला लागतील.

जय भीम.